निळ्या गाडीचा उन्हाळा

परवा शाळेचा निकाल लागला. पोरं प्रगतिपुस्तकं नाचवत घरी गेली, आम्ही शिक्षिकांनी वर्गातली कपाटं लावून टाकली आणि डोक्यावर पदर ओढून मी भर दुपारी घरी निघाले. सोलापूरच्या उन्हाबद्दल बाहेरगावचे लोक विचारतात तेव्हा मी काही सांगत बसत नाही. दुपारचं एकदा या म्हणते, मग बोलू. गल्लीच्या तोंडाशी आले तर एका खिडकीच्या गजांना कुणी रंग देत होतं. टर्पेंटाईनचा वास नाकात शिरला आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. "काय हो बाई, चक्कर आली काय?" रंगारी म्हणाला. आता त्याला काय कपाळ सांगू! "ऊन लागलं," म्हटलं आणि पुढे झाले.

घरी येऊन कुलूप काढलं, माठातलं पाणी प्यायले, पंख्याखाली बसले. वास काही जाईना. दोन वर्षांपूर्वीचा एक अख्खा उन्हाळा आमचं घर ह्या वासात बुडालेलं होतं. कपड्यांना तो वास, भाताला तो वास, माझ्या वेणीला तो वास. त्या उन्हाळ्यात मी आमची गाडी रंगवली. घरी, अंगणात, माझ्या ह्या हातांनी. आणि रंगवताना सारखी मनात म्हणत होते, देवा, हे काम पुरं होऊ देऊ नकोस.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत. पलीकडे मल्लेशमअण्णांचा चादरींचा कारखाना. त्यांची भिंत तीच आमची भिंत. सकाळी माग सुरू झाले की आमच्या फडताळातली भांडी थरथरायला लागायची ती थेट रात्रीच्या जेवणापर्यंत. लग्न होऊन आले तेव्हा कितीतरी दिवस मी डोकं धरून बसायची. माझे यजमान दत्तात्रय ह्याच मागांवर जॉबर होते. माग अडला, तार म्हणजे सुताचा धागा सारखा तुटायला लागला, आडवं सूत नेणारा धोटा उडायला लागला, की धावत येऊन ठीक करतो तो जॉबर. गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारतच नसे. "जॉबर कुठं गेले?", "जॉबरला बोलवा," हेच चालायचं. मी चिडून कधी "अहो जॉबर" म्हटलं की गालातल्या गालात हसायचे.

चादर विणताना सुताचं बारीक तूस उडतं. ते चहात पडतं, केसांत बसतं, श्वासाबरोबर आत जातं. हे घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. "आला का म्हातारा!" मी म्हणायची. तेव्हा त्याचं हसू यायचं. मग खोकला सुरू झाला. मग जिना चढताना दम लागायला लागला, मग सपाट चालतानाही. त्या उन्हाळ्याआधी, संक्रांतीनंतर, छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सगळं नीट समजावून सांगितलं. फुप्फुसं निकामी होत चालली आहेत. औषधानं त्रास कमी होईल, आजार मागे फिरणार नाही. धूळ नको, धूर नको, वास नको, आणि गाडी चालवणं तर नकोच नको. आम्ही रिक्षानं घरी आलो. गाडी अंगणातच उभी होती.

गाडी म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. चार माणसं दाटीवाटीनं बसतील एवढीशी, आणि आमच्याकडे आली तीच जुनी होऊन. रंग गर्द निळा. उन्हानं टपाचे पापुद्रे सुटले होते, दारांच्या खालच्या कडा गंजून जाळीदार झाल्या होत्या. पण आमचे सुखाचे दिवस त्याच गाडीतले. सुट्टीच्या दिवशी हिप्परग्याच्या तळ्याकडे, कधी अक्कलकोट, कधी तुळजापूर. हे काचा वर करायचे आणि म्हणायचे, "हं, बोल आता." घरात माझं निम्मं बोलणं मागांनी खाल्लेलं असायचं. गाडीत त्यांना माझा शब्द न शब्द ऐकू यायचा. मी शाळेचं सांगायची, जावांचं सांगायची, भाजीच्या भावावरून सुरू होऊन कुठच्या कुठं जायची, आणि हा माणूस समोर बघत, हूं हूं करत ऐकायचा. संसारातलं आमचं खरं बोलणं सगळं त्या गाडीत झालं. मी काही उगाच चढवून सांगत नाही.

त्या वर्षी पेपर तपासून झाले, निकाल लागले, आणि सुट्टीच्या पहिल्याच सकाळी हे म्हणाले, "सुमन, गाडी विकून टाकू."

मी भाकरी थापत होते. "का? तिनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"उगंच उभी राहून कुजतीय. पर असल्या अवतारात कुणी घ्यायचं न्हाय तिला. आधी रंग देऊ."

गॅरेजवाल्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, चकचक केलं आणि असा आकडा सांगितला की हे म्हणाले, "बाबा, रंग द्यायचाय, सोन्याचं पाणी न्हाय." माझी शाळा विनाअनुदानित, पगार झाला तर झाला. त्यात औषधं. पुण्याहून लेक फोनवर म्हणाली, मी देते पैसे, तर ह्यांनी "तू तुझा संसार बघ" म्हणून फोन माझ्या हातात दिला. मग ठरलं, घरीच द्यायचा. फवारा मारायची गन नको, हवेचं यंत्र नको. दारं-खिडक्यांना देतात तो साधा ऑइलपेंट आणायचा, टर्पेंटाईन घालून पातळ करायचा आणि स्पंजाच्या छोट्या रोलरनं लावायचा. एका टेम्पोवाल्यानं आपला टेम्पो असा रंगवलेला ह्यांनी पाहिला होता.

"पातळ पातळ हात द्यायचे. मधी मधी पाण्यानं घासायचं. आरशावानी होतंय बघ."

"आणि घासणार कोण?"

"तू."

"वा! विकायची तुम्ही आणि घासायची मी?"

"मला डॉक्टरनं वास घ्यायला बंदी केलीय की."

मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, रंग देते, पण विकू देणार नाही. "आधी दे तर," हे म्हणाले. मला एकच दिसत होतं. गाडी अंगणात उभी आहे तोवर ह्या माणसाला वाटतंय की आपण आज ना उद्या परत चालवू. ती गेली की खाटेवर पडून छताकडे बघत बसणार. गाडी विकणं म्हणजे हात टेकणं, आणि मी त्यांना हात टेकू देणार नव्हते. मग रंगालाच नाही म्हणायचं होतं ना? तेही जमेना. कारण रंगाचं बोलणं निघालं त्या दिवशी ह्यांनी कितीतरी दिवसांनी शेंगाचटणी मागून घेतली आणि दोन भाकरी खाल्ल्या.

आधी गंज खरवडायचा, भोकं बुजवायची, लाल प्रायमर लावायचा. मग निळा रंग. दर दोन हातांनंतर काळा वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासायचं. ओलं घासलं की धूळ उडत नाही, म्हणून हेच बरं. पण पाणी? आमच्याकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांतून एकदा, तेही त्याच्या मर्जीनं. मी तांदूळ धुतलेलं पाणी ठेवायची, कपडे विसळलेलं शेवटचं पाणी ठेवायची आणि त्या पाण्यानं गाडी घासायची. शेजारणींच्या गच्च्यांवर कुरडया-पापड्या पडल्या होत्या. एकीनं वरून विचारलं, "बाई, यंदा तुमचं वाळवण न्हाई का?" म्हटलं, "हे काय, गाडी वाळवतेय!"

हे दारात खाट टाकून बसायचे. वाऱ्याची दिशा बघून खाट इकडे-तिकडे करायची, नाकाला ओला पंचा. बोलायला गेले की खोकला यायचा, म्हणून हातांनी सांगायचे. कारखान्यात मागांच्या आवाजात तोंडानं बोलून उपयोग नसतो, तिथं सगळं बोलणं हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून चालतं. तीच खाणाखुणांची भाषा त्यांनी माझ्यावर चालवली. मूठ वर केली की थांब. तळहात हळूच खाली आणला की जोर कमी. दोन बोटं एकमेकांवर घासली की तार तुटली, म्हणजे आमच्या कामात रंगाचा ओघळ आला. मी तिकडून तोंडानं ओरडायची, "कळलं हो, कळलं! मला काय पहिलीत घातलंय का?" मग हे दोन्ही हात जोडायचे, त्याला भाषांतर लागत नव्हतं. एवढ्या वर्षांत मी त्यांची ही भाषा कधी शिकले नव्हते. कारखान्यात दिवसभर ते ज्या भाषेत बोलले, भांडले, हसले, ती मला त्या अंगणात आली. फार उशिरा आली, असं आता वाटतं. वाटून काय उपयोग!

पहिले दोन हात छान बसले. पहाटे, बॉनेट गार असताना, ऊन चढायच्या आत रोलर फिरवायचा. दुपारी मात्र वावटळ उठली. गल्लीतली सगळी माती गोल फिरत आमच्या अंगणाकडे निघाली. हे खाटेवरून अर्धे उठले, "झाक! झाक तिला!" मी घरात पळाले. आमच्या घरात झाकायला दुसरं काय मिळणार? कपाटभर चादरी. नव्या, जाड, वजनदार, मोर विणलेल्या. भराभर आणून घातल्या गाडीवर. वादळ गेलं, आम्ही दोघं एकमेकांकडे बघून खूश. संध्याकाळी चादर उचलली तर निघेना. ओढून काढली तर बॉनेटवर मोर! पिसाऱ्यासकट उमटलेला, वर सुताचा केसाळपणा चिकटलेला. मी डोक्याला हात लावला. हे इतके हसले, इतके हसले, की खोकल्यानं कळवळले, मी पाठ चोळत बसले आणि ते परत हसले. "ऱ्हाऊ दे की," म्हणाले, "सोलापूरची गाडी म्हनून वळखू येईल." दुसऱ्या दिवशी मी मोर घासून काढला. काढताना जरा वाईट वाटलं.

त्यानंतर तुसाचा जाच सुरू झाला. रंग ओला असताना अण्णांच्या कारखान्याच्या खिडक्यांतून तूस यायचं आणि गर्द निळ्यावर पांढरे केस बसावेत तसं बसायचं. चिमट्यानं काढलं तर खड्डा पडायचा, ठेवलं तर दिसायचं. मग पुन्हा घासा. हे म्हणाले, मागांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी देऊ, हवा साफ असेल. आम्ही सुट्टीची वाट पाहिली. पहाटे उठून मी नवा हात दिला, असा सुरेख की त्यात मला माझं तोंड दिसलं. सुट्टी असल्यामुळं माग बंद होते, गल्लीत फक्त पोरांचा गलका होता. आणि मग पलीकडे झाडू लागला. सुट्टीच्या दिवशी कारखाना झाडतात, मागांखालचं, छतावरचं, आठवडाभराचं तूस खाली पाडतात, खिडक्या उघड्या टाकून! ढगच्या ढग आमच्या अंगणात उतरले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. उभा जन्म ज्या माणसानं सुट्टीच्या दिवशी समोर उभं राहून कारखाना झाडून घेतला, त्याला हे आठवू नये? ते खाटेवर बसून आपल्याच हातांकडे बघत होते. "म्या कसं इसरलो गं?" म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मला चिडताही आलं नाही.

पण एक गंमत सांगते. प्रत्येक वेळी रंग बिघडला की मी तोंडानं चडफडायची आणि आतून मला उकळ्या फुटायच्या. हे ओळखायचे.

"खूश हायस न्हवं?"

"आहेच मुळी. रंग पुरा नाही तर गिऱ्हाईक नाही."

"आन् चालवणार कोण? तू?"

"शिकेन."

"शिकली हुतीस की एकदा. अण्णाचं फाटक अजून वाकडं हाय."

मी वॉटर पेपर बादलीत बुडवला आणि जोरात घासायला लागले. असा आमचा उन्हाळा चालला होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, काय ह्या वयात खेळ मांडलाय दोघांनी. आम्हाला दोघांनाही माहीत होतं की हा खेळ नाही. मे सरत आला. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. आधी फक्त झोपताना लावायचं होतं, मग दुपारीही लावायला लागलो. खाट दारापर्यंत ओढताना आता यंत्रही ओढावं लागायचं. "मृगाच्या आधी पुरं कर," हे म्हणायला लागले. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

एका संध्याकाळी मल्लेशमअण्णा येऊन बसले. तेलुगू घरातला माणूस, मराठी आमच्यासारखीच, पण जरा थांबून थांबून बोलणार. गाडीच्या टपावरून त्यांनी बोट फिरवलं, बोटाला लागलेले धागे पाहिले. आपल्याच कारखान्याचं सूत त्यांना कळणार नाही तर कुणाला? चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी फाटकातूनच म्हणाले, "वहिनी, उद्या सकाळी रंग द्या. माग बंद ठेवतो."

मी हादरले. "अहो अण्णा, भलतंच काय! तुमची ऑर्डर चालू आहे, माणसं कामावर येणार..."

"माणसांना सांगितलंय, त्यांची मजुरी बुडत नाही. जॉबरनं जेवत्या ताटावरनं उठून येऊन माझे माग चालू केलेत. एक सकाळ त्यांच्यासाठी बंद ठेवतो की."

त्या संध्याकाळी अण्णांनी आपल्या कारखान्याच्या जमिनीवर पाणी शिंपडलं. टंचाईतलं पाणी, पिंपातलं. खिडक्यांना ओली पोती लावली. हा भला माणूस आम्हाला मदत करत होता, आणि मी मात्र घरात बसून त्याच्यावर मनातल्या मनात चरफडत होते. आता सबब उरली नव्हती.

पहाटे उठले. अंगणात आले. आणि काहीतरी चुकल्यासारखं झालं. मागांची वेळ झाली, उलटून गेली, भांडी थरथरली नाहीत. चिमण्या ऐकू आल्या. कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली, दोन घरं सोडून कुणी अंघोळ करत होतं तेही. गल्लीतले लोक दारात येऊन उभे राहिले, सगळे हळू आवाजात बोलायला लागले. हे खाटेवर येऊन बसले, सकाळी ऑक्सिजनचं यंत्र बंदच असायचं. ओला पंचा नाकाला बांधून त्यांनी मूठ वर केली, म्हणजे जरा थांब.

तेव्हा मला त्यांचा श्वास ऐकू आला.

दिवसा माग, सुट्टीला गल्लीतला गलका, रात्री कूलर आणि ऑक्सिजनचं यंत्र. त्या आवाजांखाली तो श्वास इतके दिवस झाकलेला होता. आता अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून मी तो ऐकत होते. आत जाताना शीळ, बाहेर येताना खरखर, आणि मध्ये एक थांबा. तो थांबा मला सोसवेना. दर थांब्याला वाटायचं, आता पुढचा येतो की नाही. मी रोलर हातात धरून तशीच उभी. ज्या माणसाला मी गाडी परत चालवायला लावणार होते, त्याला नुसतं बसून राहायलाही केवढं काम पडत होतं. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं निराळं आणि असं कानांनी ऐकणं निराळं.

"सुमन," हे म्हणाले. आवाज चढवायची गरजच नव्हती. अंगणात, उघड्यावर, ते माझ्याशी पहिल्यांदा इतक्या हळू बोलत होते. "तुला वाटतंय मला गाडी नकोशी झालीय."

मी रोलर डब्याच्या कडेला टेकवला.

"मी गेल्यावर तुला ती विकावीच लागंल. मग येतील सगळी. वैनी, आमी हाय की, म्हनतील. भंगारच्या भावात मागतील. तुला त्यातलं कळत न्हाय. शाळेत वाघीण तू, आन् बाजारात भाजीवाला म्हणंल तो भाव." त्यांनी श्वास घेतला, बराच वेळ घेतला. "मी हाय तवर, माझ्या देखत, चांगल्या घरी जाऊ दे तिला. तुला कुणाफुडं हात पसरायला लागू नये, एवढंच हाय माझं."

मी रोलर रंगात बुडवला, कडेला निथळून घेतला आणि टपापासून सुरुवात केली. टप, दारं, डिकी, शेवटी बॉनेट. मला बिघडवायचं असतं तर एका फुंकरीत बिघडवता आलं असतं, एवढं ते नाजूक काम. बिघडवलं नाही. जसा कधीच दिला नव्हता तसा हात दिला. डोळे भरून येत होते, पण ओल्या रंगावर थेंब पडला तर डाग राहतो, म्हणून मान बाजूला करून पदरानं पुसत होते आणि परत लावत होते. ऊन अंगणात उतरायच्या आत झालं. एक धागा नाही, एक ओघळ नाही. ह्यांनी मला जवळ बोलावलं, माझे निळे झालेले हात आपल्या हातात घेतले आणि तसेच बसले. पलीकडे कुणी खाकरलंसुद्धा नाही.

"कुणाला फोन करायचाय?" मीच विचारलं.

रंग मुरायला थोडे दिवस दिले. मग मैंदर्गीचे एक कांदा व्यापारी बायकोला घेऊन आले. ह्यांनी त्यांना गाडीचं सगळं खरं खरं सांगितलं. कुठं गंज होता, कुठं भोक बुजवलंय, पावसाळ्यात कुठनं पाणी येतं. मी डोळ्यांनी दटावत होते, अहो, विकताय ना? ते नवराबायको आपसात कानडीत काहीतरी बोलले. मग त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला.

"रंग कंपनीचाच काय हो?"

"न्हाय," हे म्हणाले, "आमच्या मंडळींनी दिलाय." आणि असं काही माझ्याकडे बघितलं की मी आत चहा ठेवायला निघून गेले.

व्यवहार झाला. व्यापाऱ्यानं किल्लीसाठी हात पुढे केला. ह्यांनी दिली नाही. "गल्लीच्या तोंडापातूर मी आणून देतो," म्हणाले.

"डॉक्टरांनी नाही म्हटलंय!" मी ओरडले.

"डॉक्टरनं गावाला जायला न्हाय म्हटलंय. गल्लीला न्हाय. आन् माझ्यासंगं कुणी यायचं न्हाय."

नाकातली नळी काढून ठेवली. शर्टाची वरची बटणं लावली. गाडी फाटकातून बाहेर निघाली, अगदी सावकाश, कुठंही न घासता. सकाळच्या उन्हात ती निळी पाठ लखलखत होती. तोंडाशी थांबली. हे उतरले, दोन्ही हातांनी किल्ली दिली, त्या बाईलाही नमस्कार केला. गाडी वळली, मोठ्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

मग ते परत चालत यायला लागले. आमची गल्ली काही लांब नाही. त्या दिवशी ती संपेना. विजेच्या खांबाला धरून ते थांबले. पुढे एका हातगाडीच्या दांडीला धरून थांबले. दारादारांत माणसं उभी होती, पण कुणी यायचं नाही असं सांगितलं होतं ना, म्हणून कुणी पुढे झालं नाही. अण्णा आपल्या दारात हात मागे बांधून उभे होते. मी फाटक धरलेलं. धावत जावंसं वाटत होतं आणि जाता येत नव्हतं. ते आले, ओट्यावर बसले, मी नळी लावली. बराच वेळ नुसतं आत-बाहेर, आत-बाहेर. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गाडीचं झालं. उद्या गॅस तुझ्या नावावर करून घेऊ. मग लाईटचं बघू."

दिवाळीच्या आधी ते गेले. तोवर गॅस माझ्या नावावर झाला होता, लाईट झाली होती, घर झालं होतं. पुढे मला एकाही कचेरीच्या दारात रडत उभं राहावं लागलं नाही, एकाही दिराकडे शब्द टाकावा लागला नाही. तेव्हा समाचाराला आलेल्या बायका अजूनही म्हणतात, बाई नशिबाची, नवऱ्यामागं सगळं कसं सुरळीत झालं तिचं. नशीब कसलं! ज्याला श्वास पुरत नव्हता, त्या माणसानं एक एक श्वास वेचून माझ्यासाठी केलेलं काम होतं ते.